अण्णांचं इंजिन आणि माझा शून्य

दाब मोजण्याच्या कामात मला सव्वीस वर्षांचा अनुभव आहे, आणि त्यातला एक दिवस सोडला तर मी कधीही चुकलेले नाही. तो एक दिवस म्हणजे गेल्या वर्षीचा दसरा.

बेंगळुरूतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी प्रेशर गेज तपासते. गेज म्हणजे ते घड्याळासारखं गोल यंत्र, ज्यातला काटा दाब किती ते सांगतो. गेजं माझ्याकडे येतात, काटा खरं बोलतोय का ते मी बघते आणि कागदावर सही करते. एकदा माझी सही झाली की कुणी शंका घेत नाही. (घरी माझ्या आमटीच्या मिठावर रोज शंका घेतली जाते, पण तो विभाग वेगळा.) अशा नोकरीने माणसाला एक वाईट खोड लागते. आपण म्हणू तो आकडा खरा, असं वाटायला लागतं.

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझे सासरे. मूळचे निपाणीचे, इथल्या एका सरकारी कारखान्यात फोरमन होते, आता वय शहात्तर. कोरमंगलात आमच्या घराच्या डावीकडे कॉफीचं दुकान, उजवीकडे शारदम्मांचं घर आणि समोर नोकरदार मुलांचं पीजी. आणि आमच्या पोर्चमध्ये अण्णांची जुनी काळी गाडी, जी सहा वर्षं जागची हललेली नव्हती. एके दिवशी अण्णांनी जाहीर केलं की गाडीचं इंजिन ते स्वतः खोलणार आणि स्वतः बांधणार.

माझा नवरा श्रीकांत म्हणाला, "अण्णा, ती हत्यारांची पेटी ठेवा आता. तुमचा हात थरथरतो."

हे खरं होतं. अण्णांचा उजवा हात वर्षभरापासून थरथरत होता. त्यांनी चहा घेतला की कपबशीचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा. पण हे तोंडावर बोलायची पद्धत आमच्या घरात नव्हती. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. (ही वादळाची खूण. सासूबाई, ज्यांना सगळं घर अक्का म्हणतं, ताबडतोब आत निघून गेल्या.)

"हात हलतोय ते मला दिसतंय," अण्णा म्हणाले. "असं करूया. इंजिन मी बांधतो. चाललं, तर माझ्या हत्यारांच्या पेटीबद्दल परत कुणी बोलायचं नाही. नाही चाललं, तर गाडी भंगारात घाल आणि पेटी कुणाला द्यायची त्याला दे. मी परत स्क्रू-ड्रायव्हर हातात धरणार नाही. सरी?"

"सरी," म्हणजे कबूल, असं श्रीकांत म्हणाला, आणि लगेच त्याला वाईट वाटलं. पण अण्णांनी एकदा 'सरी' म्हणून घेतलं की विषय संपला.

आठ महिने काम चाललं. इंजिनाच्या आतले बेअरिंग चिकपेट बाजाराच्या एका बोळात मिळाले, आणि दुकानदाराने स्वच्छ सांगितलं, "हा शेवटचा सेट, अण्णा. परत येऊ नका." अण्णा एकेक नट डाव्या हाताने उजवा हात धरून आवळायचे. एका नटाला कधी कधी अख्खी सकाळ जायची. बघवायचं नाही, आणि मदतीला गेलं की "बाजूला हो, उजेड अडवायलीस" असं ऐकावं लागायचं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात अण्णा माझ्याकडे आले.

"वैशाली, पहिल्यांदा फिरवताना तेलाचा दाब तू मोजायचीस."

"मी?"

"मग काय बाहेरचा माणूस बोलवू? घरात साहेब असताना?"

"अहो अण्णा, मी प्रयोगशाळेत मोजते. एसीत. टेबलावर!"

"दाब तो दाब. एसीत काय वेगळा असतोय?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि तिथपासून माझी झोप उडाली. नवीन बांधलेलं इंजिन आतून कोरडं असतं म्हणे. पंपाने तेल वर चढवायचं, ते प्रत्येक बेअरिंगला पोचायचं, आणि मगच इंजिन सुरू करायचं. तेल चढलं नाही आणि आपण तसंच सुरू केलं, तर? "तर दोन मिनिटात धातूला धातू घासून सगळं चिकटून बसतंय," अण्णा शांतपणे म्हणाले. "आठ महिने पाण्यात. बेअरिंगबी गेले."

त्या रात्री मला स्वप्न पडलं की इंजिन चिकटलंय आणि त्याला अण्णाही चिकटलेत.

मी नवं गेज विकत आणलं, ऑफिसात नेऊन जेवणाच्या सुट्टीत तीनदा तपासलं. काटा देवमाणूस! जिथे थांबायचा तिथेच थांबला. मी अण्णांना अभिमानाने सांगितलं, "हे गेज खोटं बोलणार नाही."

खंडेनवमीला संध्याकाळी आयुधपूजा झाली. गल्लीतल्या प्रत्येक स्कूटरला केळीचा खांब आणि झेंडू, रस्त्यावर फोडलेले कोहळे, त्यावरून घसरणारे लोक. आमच्याकडे पाटावर अण्णांचे पाने, पकडी, हातोड्या आणि शेवटी माझं गेज, असं सगळं ओळीने मांडलं होतं. पूजा करायचा मान त्या वर्षी मला.

"प्रत्येकाला हळदकुंकू लाव," अक्का म्हणाल्या. "नीट दाबून लाव, पडायला नको. वर अक्षता. आणि उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हत्यारं विश्रांती घेतात."

मी कामात चोख आहे. मी एकही हत्यार सोडलं नाही.

दसऱ्याची सकाळ उजाडली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे वेळ बघायचा प्रश्न नव्हता.  अण्णांनी चारही स्पार्क प्लग काढून ठेवले होते, म्हणजे किल्ली फिरवली की इंजिन नुसतं गरगरेल, पेट घेणार नाही. इंजिनाच्या कुशीत एक भोक असतं, तिथे त्यांनी माझ्या गेजची नळी बसवली. गेज माझ्या हातात. किल्लीवर श्रीकांत, आणि त्याच्या डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट!

"हे कशाला?" मी विचारलं.

"असू दे," तो काचेच्या आतून म्हणाला.

अक्का नारळ घेऊन दारात उभ्या राहिल्या, पण उंबऱ्याच्या आतल्या बाजूला. कंपाउंडवरून शेजारच्या शारदम्मा डोकावल्या. त्यांना आमचं मराठी येतं, पण घाबरल्या की त्या कन्नडवर जातात.

"स्फोट बिफोट होत नाही ना?"

"नाही हो, शारदम्मा!" मी म्हणाले, आणि दोन पावलं मागे सरले. माझ्यामागून त्याही सरल्या.

अण्णांनी हात वर केला. खाली आणला. श्रीकांतने किल्ली फिरवली. घुर्र-घुर्र-घुर्र करत इंजिन सहा वर्षांनी गरगरलं. अंगावर काटा आला, पण गेजवरचा काटा काही हलला नाही.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"शून्य."

"व्हय. पहिल्या झटक्याला येत नाही. पाइपात हवा असते. परत मार."

घुर्र-घुर्र-घुर्र-घुर्र.

"आता?"

"शून्य, अण्णा."

"परत."

तिसऱ्या वेळी अण्णांनी पंधरापर्यंत मोजलं. मी डोळे फाडून गेजकडे बघत होते. मनातल्या मनात गणपतीला एकवीस मोदक कबूल केले, मग एक्कावन्न. काटा शून्यावर खिळा ठोकल्यासारखा! बॅटरीचा आवाज बसायला लागला. शारदम्मा तिकडून ओरडल्या, "एनायितु? एनायितु?" म्हणजे काय झालं, काय झालं. 

अण्णांनी इंजिनावरचं पत्र्याचं झाकण खोललं आणि वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "वैशाली, जरा इकडं ये. तेल वर आलंय बघ. चमकतंय की."

मी बघितलं. चमकत होतं खरं. आता इथे गप्प बसावं की नाही? पण सव्वीस वर्षांची खोड!

"अण्णा, ते तुम्ही बांधताना लावलेलं तेल असेल. गेज शून्य दाखवतंय. गेज खोटं बोलत नाही."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग गेजकडे बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"तू म्हणतीस तर तसंच असेल," ते म्हणाले. "तू त्यातली जाणकार."

त्यांनी माझ्याशी भांडायला हवं होतं. चष्मा काढून पुसायला हवा होता! त्यातलं काहीच झालं नाही. आणि मी काय केलं? मी वही काढली आणि लिहिलं: तेलाचा दाब शून्य. निष्कर्ष, पंप निकामी. खाली सही ठोकली. (हे मी का केलं, ते मला आजही कळलेलं नाही. कुणी मागितलं नव्हतं.)

"पंप तिरका बसला असणार," अण्णा म्हणाले. "आवळताना हात घसरला असेल. कधी घसरला ते कळलंबी नाही मला." मग श्रीकांतकडे वळून म्हणाले, "ठरलंय ते ठरलंय. भंगारवाल्याला फोन कर. पेटी घे."

आठ महिने 'पेटी ठेवा आता' म्हणणारा श्रीकांत हेल्मेट काढून उभा राहिला. "राहू दे हो अण्णा. घाई काय आहे?"

"सरी म्हणालास ना तू?"

अण्णा पोर्चच्या पायरीवर बसले आणि एकेक पाना पुसून पेटीत ठेवायला लागले. एक पाना हातातून निसटला, फरशीवर खणकन वाजला. कुणी उचलायला गेलं नाही, कारण गेलं असतं तर त्यांना आवडलं नसतं. अक्कांनी नारळ तसाच आत नेला. इतक्या वर्षांत मी शेकडो गेजं नापास केली होती, माणूस पहिल्यांदाच केला होता.

तिथे थांबवेना म्हणून मी गेजची नळी काढली आणि मागच्या अंगणात गेले. आता ऑफिसातल्या माझ्या खोलीत मी प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी काय सांगते माहिती आहे? वाईट आकडा आला की आधी यंत्र तपासा, मग दुसऱ्याला बोला. माझ्या स्वतःच्या अक्षरात भिंतीवर लावलंय ते. आणि त्या सकाळी हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. का? तर गेजची कालच पूजा झाली होती! रात्रभर देवापुढे बसलेल्या यंत्रावर संशय घ्यायचा कसा?

कोपऱ्यात टायरमध्ये हवा भरायचा पायपंप होता. मी त्याचं तोंड गेजच्या नळीला लावून घट्ट धरलं आणि पायाने हवा मारली. काटा शून्य. जोरात मारली. शून्य. दोन्ही पायांनी पंपावर उभी राहिले. (माझं वजन सांगणार नाही, पण कुठलाही प्रामाणिक काटा हलला असता.) शून्य!

मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि नळीच्या टोकाला असलेल्या पितळी भोकात घातली. आत काहीतरी टणक होतं. कोरलं, हलवलं, ओढलं. बाहेर आला तो हळदकुंकवाचा सुकून दगड झालेला गोळा, आणि त्यात रुतलेला तांदळाचा एक अख्खा दाणा.

तेव्हा मला सगळं आठवलं. गेजच्या काचेवर कुंकू लावलं तर आकडे झाकतील, म्हणून मोठ्या शहाणपणाने मी ते नळीच्या टोकाला लावलं होतं. अक्का म्हणाल्या तसं नीट दाबून. वर अक्षता. तेल बिचारं दर वेळी वर येत होतं, आणि जितका दाब येत होता तितका तो तांदूळ आत घट्ट बसत होता. अण्णांचा पंप उत्तम होता म्हणूनच माझं गेज इतकं पक्कं तुंबलं होतं!

खरं सांगू? पहिला विचार आला की गोळा कुंडीत टाकावा आणि 'नळी जरा सैल होती' म्हणून सांगावं. कुणाला कळलं असतं? मी कुंडीपर्यंत गेलेही. तेवढ्यात पोर्चमधून पेटीचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला आणि माझ्याने राहवेना. मी तशीच धावत पुढे गेले आणि अण्णांसमोर हात उघडला.

"हे काय?" अण्णांनी विचारलं.

"हळदकुंकू. गेजमध्ये होतं. मी लावलं काल. अण्णा, माझं चुकलं."

अक्का आतून आल्या, वाकून बघितलं. "अगंबाई, अक्षतासुद्धा!"

अण्णांनी तो दाणा चिमटीत धरून उजेडाकडे नेला. मला वाटलं आता चष्मा निघणार. निघाला तर बरं, असंही वाटलं.

"म्हणजे तेल वर होतं," ते म्हणाले.

"होतं, अण्णा."

"मी म्हटलो होतो."

"म्हणाला होतात."

"माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. आणि तू शून्य म्हणालीस, तर मी गप बसलो!" आणि निघाला. चष्मा निघाला! "चाळीस वर्षं इंजिनं बांधली मी, आणि एका तांदळाचं ऐकलं? लाव ते परत. श्रीकांत, तू बाजूला हो. वैशाली, आता किल्ली तू फिरव. गेज मी बघतो."

"मी? अण्णा, मला भीती वाटते!"

"वाटू दे. बस."

मी बसले. हेल्मेट मागावंसं वाटलं, पण तेवढी लाज शिल्लक होती. नळी बसली. अण्णांनी हात वर केला, खाली आणला, मी डोळे गच्च मिटून किल्ली फिरवली. घुर्र-घुर्र-घुर्र.

"दहा," अण्णा म्हणाले. "वीस. तीस. थांब, थांब, बास!"

मग त्यांनी पत्र्याचं झाकण लावलं, प्लग बसवले, चारही स्वतः, डाव्या हाताने उजवा हात धरून. मी परत किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, मी देवाचं नाव घेतलं, आणि ते सुरू झालं. समोरच्या पीजीच्या गॅलऱ्यांमधून टाळ्या वाजल्या. शारदम्मांनी कन्नडमध्ये देवाचे आभार मानले, अक्कांनी नारळ इतक्या जोरात फोडला की अर्धा गाडीखाली गेला. धूर एवढा झाला की श्रीकांत रडतोय की खोकतोय ते कळेना.

"किती?" मी ओरडले.

"साठ पौंड!" अण्णा ओरडले. "लिही वहीत! आणि तो शून्य खोड, सही कर खाली!"

मी खोडला. पेटी परत पोर्चमध्ये आपल्या जागी गेली आणि तिच्याबद्दल आमच्या घरात कुणी ब्र काढत नाही.

माझा मान मात्र त्या दिवशी गेला तो गेलाच. डॉक्टरांनी अलीकडे अण्णांचा रक्तदाब रोज मोजायला सांगितलाय, आणि हे काम अर्थातच माझ्याकडे आलं. परवा पट्टा बांधला, फुगवला, आकडा आला एकशे साठ.

"अण्णा, जास्त आहे हो."

अण्णांनी पेपरातून मान सुद्धा वर केली नाही. "मला बरं वाटायलंय. तू आधी यंत्र तपास."

मी मुकाट्याने नळी काढली, तोंडाला लावली आणि जोरात फुंकर मारली. फुंकर मात्र वैशाली चांगली मारते, हे अण्णा आता आल्यागेल्याला आवर्जून सांगतात.